शब्दात अक्षर कितवे? ठोकळ्यांच्या आज्ञावलीचा एक पाठ

स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावरचा पाठ लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या पाठाचा विषय अक्षर हा आहे, आणि अक्षराचे व इतिहासाचे नाते जुने आहे. हा पाठ केवळ आज वर्गात बसणाऱ्या मुलांसाठी नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या शालेय जीवनात संगणक आलाच नव्हता, आणि आपली मुले पडद्यासमोर बसून रंगीत ठोकळे कशासाठी जुळवतात असा प्रश्न ज्या पालकांना पडतो, त्यांच्यासाठीही तो आहे. कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन वाचल्यास संगणक नसतानाही तो पूर्णपणे समजेल.

ठोकळ्यांची भाषा

संगणकाला काम सांगायचे तर क्रमाने आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. एरवी आज्ञावली टंकलिखित करावी लागते आणि एखादे विरामचिन्ह चुकले तरी ती चालत नाही. लहान मुलांचे शिकणे या अडथळ्यावर अडू नये, म्हणून आज्ञा लिहिलेले ठोकळे एकमेकांत बसवण्याची पद्धत निघाली. मुलांनी स्वतः संगणकाला शिकवावे, हा विचार सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ या भाषेच्या रूपाने मांडला होता. त्याच परंपरेत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ तयार केले आणि ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते विनामूल्य आहे, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिकच्या वयातच कोडिंगची ओळख करून देण्याचे सुचवले आहे. त्या ओळखीसाठी हे साधन सोयीचे आहे.

या पाठात स्क्रॅचमधील मोजकेच ठोकळे लागतील. त्यांवरील मजकूर येथे मराठीत, अर्थानुसार दिला आहे. हिरव्या गटातील दोन ठोकळे महत्त्वाचे आहेत. एक शब्दाची लांबी सांगतो. दुसरा शब्दातील अमुक क्रमांकाचे अक्षर काढून देतो. नारिंगी गटातील ‘चल’ म्हणजे वर नाव लिहिलेला डबा. त्यात आपण एखादी संख्या किंवा शब्द ठेवतो आणि हवा तेव्हा बदलतो.

प्रश्न आणि रीत

‘कमळ’ या शब्दात ‘ळ’ कितवे अक्षर आहे? पहिलीतले मूलही सांगेल, तिसरे. कारण आपल्याला सगळा शब्द एकदम दिसतो. आपल्या आज्ञावलीला मात्र एका वेळी एकच अक्षर पाहता येते. यादीतील एखादी नोंद कितवी आहे हे सांगणारा तयार ठोकळा स्क्रॅचमध्ये आहे. शब्दातील अक्षराचे स्थान सांगणारा नाही. म्हणून ती रीत आपणच बांधायची.

रीत आपल्या परिचयाचीच आहे. वसतिगृहात रात्रीच्या हजेरीला अधीक्षक एखाद्या विद्यार्थ्याला शोधत असतील, तर ते पहिल्या खाटेपासून निघतात. तो येथे आहे का? नाही, पुढची खाट. येथे? नाही, पुढची. सापडला की थांबायचे आणि खाटेचा क्रमांक सांगायचा. शेवटची खाट ओलांडली आणि तरीही सापडला नाही, तरच ‘तो येथे नाही’ असे म्हणायचे. ठोकळ्यांची जुळणी हीच असते.

१. हिरवा झेंडा दाबल्यावर सुरुवात करा.
२. ‘शब्द कोणता?’ असे विचारा आणि थांबा. मिळालेले उत्तर ‘शब्द’ या चलात ठेवा.
३. ‘कोणते अक्षर शोधायचे?’ असे विचारा आणि थांबा. उत्तर ‘शोध’ या चलात ठेवा.
४. ‘क्रमांक’ या चलात १ ठेवा.
५. पुढीलपैकी एक गोष्ट खरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा: शब्दातील या क्रमांकाचे अक्षर ‘शोध’शी जुळले, किंवा क्रमांक शब्दाच्या लांबीपेक्षा मोठा झाला. प्रत्येक फेरीत क्रमांक १ ने वाढवा.
६. फेऱ्या संपल्यावर क्रमांक लांबीपेक्षा मोठा असेल, तर ‘हे अक्षर या शब्दात नाही’ असे म्हणा. नाहीतर क्रमांक सांगा.

कागदावर करून पाहू. शब्द ‘कमळ’, शोध ‘ळ’. क्रमांक १ वर क आहे, जुळत नाही. क्रमांक २ वर म, जुळत नाही. क्रमांक ३ वर ळ, जुळले. उत्तर ३. आता त्याच शब्दात ‘र’ शोधा. १, २, ३ या तिन्ही ठिकाणी जुळत नाही. क्रमांक ४ होतो, तो लांबीपेक्षा म्हणजे ३ पेक्षा मोठा आहे. फेऱ्या थांबतात आणि उत्तर येते, ‘नाही’.

चार चुका आणि त्यांतून शिकण्याजोगे

ही जुळणी प्रथमच करताना चार प्रकारच्या चुका होऊ शकतात. त्या मुद्दाम करून पाहाव्यात, कारण प्रत्येकीतून रीतीचा एकेक पाया दिसतो.

पहिली चूक म्हणजे क्रमांक वाढवणारा ठोकळा विसरणे. मग आज्ञावली पहिल्याच अक्षरापाशी उभी राहते आणि तेच अक्षर पुन्हा पुन्हा तपासते.

दुसरी चूक म्हणजे लांबीची अट न घालणे. शोधलेले अक्षर शब्दात असेल तोवर सर्व ठीक चालते. नसेल, तर शब्द संपला तरी शोध संपत नाही आणि लाल खूण दाबून तो थांबवावा लागतो.

तिसरी चूक फसवी आहे. पाचव्या पायरीच्या आतच ‘जुळले तर क्रमांक सांगा, नाहीतर नाही म्हणा’ असे ठोकळे बसवले जातात. मग ‘कमळ’ मध्ये ‘ळ’ शोधताना आज्ञावली क वर पोहोचताच ‘नाही’ म्हणून मोकळी होते. शब्दाची दोन अक्षरे पाहायची राहिलेली असतात.

चौथी चूक सर्वांत उशिरा लक्षात येते. चौथ्या पायरीतील ‘क्रमांकात १ ठेवा’ हा ठोकळा गाळला, तरी काही वेळा उत्तर बरोबर येते. पण चलात मागच्या शोधाची संख्या तशीच राहते. आधी ‘ळ’ शोधले असेल तर क्रमांक ३ वर थांबलेला असतो. आता ‘क’ शोधा. शोध तिसऱ्या अक्षरापासून सुरू होतो, ळ जुळत नाही, शब्द संपतो, आणि आज्ञावली निःशंकपणे सांगते की ‘कमळ’ मध्ये ‘क’ नाही!

येथे या पाठाचे मर्म आहे, म्हणून थोडे थांबू. ‘आहे’ असे म्हणण्यासाठी एकदा सापडणे पुरेसे असते. ‘नाही’ असे म्हणण्यासाठी मात्र पहिल्या स्थानापासून निघून शेवटच्या स्थानापर्यंत एकही जागा न गाळता पाहावे लागते. मध्येच सुरुवात केली किंवा मध्येच थांबले, तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा भेद व्याख्यानाने समजणे कठीण; स्वतः जुळवलेले ठोकळे डोळ्यांदेखत खोटे ‘नाही’ सांगतात तेव्हा तो लगेच समजतो.

देवनागरीची गाठ

आता ‘कमळ’ सोडून ‘शाळा’ हा शब्द घेऊ आणि ‘ळ’ शोधू. आपण म्हणू, दुसरे अक्षर. आज्ञावली म्हणते, ३. ‘बुद्ध’ या शब्दाची लांबी विचारली, तर ती ५ सांगते. मुले लगेच म्हणतात, संगणक चुकला. काही मुले उलट समजतात की संगणक चुकणे शक्य नाही, तेव्हा आपलेच मराठी कच्चे असणार. दोन्ही समजुती दूर केल्या पाहिजेत.

संगणकात देवनागरी साठवण्यासाठी युनिकोड या मानकात १२८ स्थानांचा एक विभाग राखला आहे. त्यात क, म, ळ यांना स्वतंत्र क्रमांक आहेत, तसेच काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह यांनाही आहेत. म्हणून ‘शाळा’ हा शब्द संगणकात श, काना, ळ, काना असा चार चिन्हांचा असतो. ‘बुद्ध’ मध्ये ब, उकार, द, हलन्त, ध अशी पाच चिन्हे असतात. पुढील मोजणी ताडून पाहावी.

कमळ: अक्षरे ३, चिन्हे ३
समता: अक्षरे ३, चिन्हे ४
शाळा: अक्षरे २, चिन्हे ४
बुद्ध: अक्षरे २, चिन्हे ५
पुस्तक: अक्षरे ३, चिन्हे ६
संविधान: अक्षरे ४, चिन्हे ७

वस्तीत किती, असे कोणी विचारले तर आपण उलट विचारतो: घरे की माणसे? दोन्ही संख्या खऱ्या असतात. काय मोजले ते आधी ठरवावे लागते. येथेही तसेच आहे. आपण अक्षरे, म्हणजे घरे मोजतो. संगणक त्यांत राहणारी चिन्हे मोजतो.

यातून आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात. ‘शिका’ या शब्दात पहिली वेलांटी आपण श च्या आधी काढतो, पण संगणकात ती श च्या नंतर, दुसऱ्या स्थानी असते. म्हणजे साठवण उच्चाराच्या क्रमाने होते, लेखणीच्या क्रमाने नव्हे. दुसरी गोष्ट अशी की ‘शाळा’ मध्ये ‘आ’ हा स्वर शोधला तर उत्तर ‘नाही’ येते, कारण तेथे काना आहे आणि काना व आ यांचे क्रमांक वेगळे आहेत. शोध पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट झाला, तरी प्रश्न कोणत्या रूपात विचारला यावर उत्तर अवलंबून असते. एका रूपात न सापडलेली गोष्ट दुसऱ्या रूपात तेथे असू शकते.

आपल्या पद्धतीने अक्षरे मोजायची असतील, तर तशी रीतही बांधता येते. ‘चिन्हे’ नावाच्या चलात काना, दोन्ही वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त अशी सर्व चिन्हे एकापुढे एक लिहून ठेवावीत. मग शब्दाच्या पहिल्या स्थानापासून शेवटपर्यंत जावे आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावेत. समोरचे चिन्ह ‘चिन्हे’ या डब्यात आहे का? त्याच्या आधीचे चिन्ह हलन्त आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तरच अक्षरांची संख्या १ ने वाढवावी. ‘बुद्ध’ घ्या. ब साठी १. उकार डब्यात आहे, सोडला. द साठी २. हलन्त सोडले. ध च्या आधी हलन्त आहे, म्हणजे तो द ला जोडलेला आहे, सोडला. उत्तर २, जसे आपण मोजतो तसे. शोध ‘ध’चा असेल, तर तो सापडताच ही संख्या सांगावी: दुसऱ्या अक्षरात.

हीच रीत, दगडावर

अक्षर कितव्या स्थानी येते, या प्रश्नाने एकदा भारताच्या इतिहासाचे दार उघडले आहे. सम्राट अशोकाचे लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती कालौघात वाचणारे कोणी उरले नव्हते. शिळा आणि स्तंभ उघड्यावर उभे होते, अक्षरे दिसत होती, पण ती मुकी होती. १८३७ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी आणि एशियाटिक सोसायटीचे सचिव जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांची येथील स्तूपाच्या कठड्यांवरील छोट्या लेखांच्या प्रतिकृती आल्या. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी त्या पाठवल्या होत्या. हे लेख एकमेकांपासून सुटे आणि लहान होते. प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की त्यांचा शेवट वारंवार त्याच दोन अक्षरांनी होतो.

एकच अक्षर कोठेतरी येणे ही एक गोष्ट. तीच अक्षरे पुन्हा पुन्हा शेवटच्याच स्थानी येणे ही वेगळी गोष्ट. पवित्र वास्तूच्या कठड्यावर अनेकांनी स्वतंत्रपणे कोरलेल्या ओळी एकाच शब्दाने संपत असतील, तर तो शब्द कोणता असेल? प्रिन्सेप यांनी तर्क केला: ‘दानं’. त्या शब्दाच्या लगेच आधी एक अक्षर अनेकदा येत होते. ते ‘स’ असल्याचे त्यांना सौराष्ट्रातील नाण्यांच्या अभ्यासावरून ठाऊक होते. पालीत आणि प्राकृतात हा ‘स’ मराठीतील ‘चा, ची, चे’ यांचे काम करतो. म्हणजे ओळीचा अर्थ झाला, ‘अमक्याचे दान’. द, न आणि अनुस्वार हाती आले, पाठोपाठ उरलेली वर्णमाला उलगडली, आणि अशोकाचे धर्मलेख पुन्हा वाचता येऊ लागले. आपल्या मोजणीत ‘दानं’ म्हणजे अक्षरे २, चिन्हे ४. ब्राह्मीतही काना आणि अनुस्वार अक्षराला जोडूनच येतात.

लिपी वाचता आल्यावर जे दिसले ते महत्त्वाचे आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या दाराजवळ एक छोटा लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या विक्रेत्याने ते दार दान दिल्याचे त्यात नोंदवले आहे. ‘सिंहदतस दानं’ असे शब्द तेथे आहेत. ‘दानं’च्या लगेच आधी तोच ‘स’. त्याच लेण्यात धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराचाही लेख आहे. दाराचे काम आपण केल्याचे तो सांगतो. सांची, कार्ले, कान्हेरी, जुन्नर येथील लेखांत राजे आहेत, तसे व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत.

कष्टकरी माणसाचे नाव इतिहासात नसते, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्याला हे ‘नाही’ तपासून पाहण्याचे साधनही मिळाले नव्हते. सुताराचे नाव मात्र दगडावर होते. कोणी मध्येच शोध थांबवला, कोणी पहिल्यापासून सुरू केला नाही, कोणी ज्या रूपात ते नाव होते त्या रूपात शोधलेच नाही. म्हणून ‘नाही’ हा शब्द ऐकला की आपल्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: शोध कोठून सुरू केला? शेवटपर्यंत गेलात का? आणि नेमके काय शोधत होता? ठोकळे जुळवताना ही सवय लागली, तर पुढे सातबारा वाचताना, शिष्यवृत्तीची यादी पाहताना किंवा जुना कागद तपासताना ती उपयोगी पडेल. शिष्यवृत्तीच्या यादीत आपल्या पाल्याचे नाव नाही, असे खिडकीतून कोणी सांगितले, तर ती यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः पाहण्याचा आग्रह धरणे, हीही हीच रीत आहे.

घरी करून पाहण्यासाठी

१. ‘गगन’ या शब्दात ‘ग’ शोधल्यास वरील आज्ञावली फक्त १ सांगून थांबते. ‘ग’ जेथे जेथे आहे त्या सर्व स्थानांची यादी मिळावी, म्हणून पाचव्या पायरीत काय बदल कराल? (सूचना: जुळल्यावर थांबू नका, क्रमांक यादीत घाला आणि पुढे चला.)

२. प्रिन्सेप यांच्याप्रमाणे शेवटाकडून शोधायचे आहे. क्रमांकात सुरुवातीला काय ठेवाल, फेरीत तो वाढवाल की कमी कराल, आणि कोणत्या अटीवर ‘नाही’ म्हणाल?

३. आपल्या गावाच्या नावातील अक्षरे आणि चिन्हे आधी हाताने मोजा, मग संगणकाकडून. उत्तरे जुळली नाहीत तर कारण लिहा.

४. इंग्रजी शब्दात मोठ्या लिपीतील अक्षर शोधा आणि मग तेच लहान लिपीत शोधा. स्क्रॅच या दोहोंत भेद करत नाही. हे गुण म्हणावे की दोष, ते दोन वाक्यांत सांगा.

५. कार्ले किंवा कान्हेरीला सहलीने गेल्यावर भिंतीवरील एखाद्या लेखात ‘दानं’ची दोन अक्षरे शोधा. लेखाला हात लावू नका. वहीत उतरवून घ्या.

पालकांना एक विनंती. आपले मूल आज्ञावली दाखवू लागले, की त्याला एखादे असे अक्षर शोधायला सांगा जे त्या शब्दात नाही. ‘नाही’ असे उत्तर आल्यावर विचारा, ‘कशावरून?’ मूल पहिल्या स्थानापासून शेवटच्या स्थानापर्यंत बोट फिरवून दाखवू शकले, तर हा पाठ त्याला समजला असे खुशाल समजावे. आपण स्वतः कधी संगणकाला हात लावला नसेल, तरीही हा प्रश्न विचारता येतो.